कातरीच्या जबड्यात बसलेल्या सरजाबाई

उदगीर, एप्रिल २०१६

ती. चंद्रप्पा मामांना भाचा शिवप्पाचा शरणार्थ. मामींच्या गुडघ्याला उतार पडला असेल, शिवकांताचे पेपर बरे गेले असतील आणि निलंग्यात नळाला अधूनमधून तरी पाणी येत असेल, असं धरून चालतो. इकडे पाणी सोडून बाकी सगळं आहे. (फोनच केला असता, पण माझा आवाज ऐकला की तुम्ही पहिल्या वाक्यालाच ठेवून देता.)

पत्रास कारण की, "भाचा मशीन नीट चालवतो का ते डोळ्यानं बघतो, मग पोरगी द्यायची का ते ठरवतो," असं म्हणून तुम्ही सोमवारी येणार आहात. मामा, या सोमवारी नका येऊ. मशीन बंद आहे. बिघडलेलं नाही, नुसतं बंद आहे.

झालं असं की, उदगीर जिल्हा होणार अशी हवा पुन्हा सुटली आहे. इथले पुढारी शेषेराव यांनी कलेक्टर ऑफिसला आपलीच जागा लागणार असं मनाशी ठरवून टाकलं आणि तिथली जुन्या जिनिंगची लोखंडी शेड कापायला आम्हाला बोलावलं. (जिल्ह्याचा अजून पत्ता नाही, पण शिपायाचं स्टूल कुठं ठेवायचं ते ठरलं आहे.) आमचं मशीन म्हणजे पोकलेनच, पण बकेटच्या जागी तेलाच्या दाबावर चालणारी कातर, लोखंडी गर्डर काकडीसारखा तोडते. उस्ताद वाजिदभाईंची शिकवण अशी, की घास टोकानं घ्यायचा नाही, जबड्यात खोलवर घ्यायचा, म्हणजे डिझेलही वाचतं आणि पातंही. आणि माणूस आवाक्यात आला की जबडा जमिनीला, मशीन बंद, चावी खिशात. त्यांच्याच सांगण्यावरून मी सकाळी मशीनभोवती फक्कीची गोल रेघ मारली, आत कोणी येऊ नये म्हणून, आणि चहाला गेलो.

तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. या दिवसांत मोकळ्या जागेत पांढरी रेघ दिसली तर तिचा अर्थ एकच, टँकर येणार. परत येतो तर रेघेवर घागरी, हंडे, कॅन, आणि ज्यांच्याकडे भांडं नव्हतं त्यांच्या चपला. बाया लांब लिंबाच्या सावलीत. हात जोडून सांगितलं, ही रेघ टँकरची नाही. त्यांच्यातल्या थोरल्या सरजाबाई म्हणाल्या, "मंग मारलास कशाला? नंबर लागलाय, आता न्हाई हलायचा." इकडे शेषेराव घाई करायला लागले. मला वाटलं, कातरीनंच एकेक घागर उचलून बाजूला ठेवावी. हात किती हलका आहे तेही लोकांना दिसेल. मामा, अलगदच धरली होती. पण गर्डर तोडणाऱ्या जबड्याला अलगद म्हणजे काय ते कुठलं माहीत! सरजाबाईंच्या माहेरच्या पितळी घागरीची भाकरी झाली.

बाया धावत रेघेच्या आत आल्या, तसा मी जबडा जमिनीला टेकवला, मशीन बंद केलं, चावी खिशात घातली. सरजाबाई थेट त्या उघड्या जबड्यात फतकल मारून बसल्या. "चालू कर, आवाजानं उठंल ती!" शेषेराव ओरडले. मी म्हटलं, बाई आत असताना चावी लागणार नाही. दुसरा ऑपरेटर आणतो म्हणाले. हे काम गेलं की शिवकांता गेली, एवढं मला कळतं. तरी चावी दिली नाही. तेवढ्यात खरंच टँकर आला, आणि रांग बघून ड्रायव्हरनं इथंच पाणी सोडलं! आता ही जागा टँकरची म्हणून कायम झाली. मशीन मधोमध अडकलं आहे, आणि सरजाबाईंना भाकरीसुद्धा जबड्यातच येते.

तुमचा भाचा,
शिवप्पा

ता.क. तुमच्या भांड्याच्या दुकानातली एक पितळी घागर निलंगा-उदगीर एस.टी.नं ताबडतोब पाठवा. स्टीलची चालत नाही, विचारून पाहिलं.

ता.क. आणखी एक. सरजाबाईंनी पत्र वाचून घेतलं आणि पुढचं त्यांच्याच शब्दांत लिहायला लावलं: "पावनं, घागर यानंच चेपली, त्यात खोटं न्हाई. पर आमी आत व्हतो तवा पुढारी उरावर बसला तरी यानं चावी काढली न्हाई. पोरगी बिनघोर द्या. फकस्त रुखवताची भांडी याच्या हाती देऊ नका."