डोंगराकडे पाय

प्रिय सुदिआर्ता,

तू पाठवलेली घरात एका जागी बसून चालवायची व्यायामाची सायकल पोचली. छान आहे. सध्या तिच्यावर मांजर झोपतं. रागावू नकोस, रागवायची पाळी माझी आहे.

आईच्या पायांत जीव उरला नाही म्हणून ती पडली, असं तू गावभर फोन करून सांगितलंस. अरे, गल्युंगानच्या सणाला आलास तेव्हा न्हाणीघर जवळ पडावं म्हणून माझा पलंग कुणी फिरवला? मी नको नको म्हणत होते. जन्मभर डोंगराकडे डोकं करून झोपले, आणि तू माझे पाय डोंगराकडे केलेस! देवाकडे पाय! वर म्हणालास, जाकार्तात असलं कुणी बघत नाही. तू गेलास आणि सकाळी उठले तर डोंगर कुठे, समुद्र कुठे, काही कळेना. याला आपण 'पालिंग' म्हणतो, विसरला नसशील तर. दार समजून भिंतीवर आदळले आणि खाली आले. पाय बरे होते रे, दिशा गेली होती. पलंग मी शेजाऱ्यांकडून होता तसा करून घेतलाय.

दवाखान्यातल्या व्यायामाच्या रस्मिनीबाईंना सायकलीचं विचारलं. त्या तुझ्यासारखा फटकन निकाल देत नाहीत. म्हणाल्या, सायकल चांगलीच, मांड्यांना बळ येतं, दम वाढतो. पण बसलेल्या माणसाला तोल सांभाळावाच लागत नाही, मग तो सुधारणार कसा? त्यासाठी उभं राहून भार या पायावरून त्या पायावर न्यायचा, एका पायावर थांबायचं, हळू वळायचं. मला हसूच आलं. अहो बाई, हे तर आमचं रेजांग, देवळातला बायकांचा संथ नाच! आता आम्ही म्हाताऱ्या संध्याकाळी मंडपात नाचतो. आधी खांब घट्ट धरून, आता नुसतं बोट लावून. शेजारची सुकेर्ती वळताना अजून मला येऊन धडकते, आणि वर मलाच म्हणते, मध्ये काय उभी राहतेस गं भवाने! सायकलही चालवते मी, मांजर उठलं की.

आणि तू काय केलंस? देवळाच्या उत्सवात आपल्या घरचा गेबोगान तुझ्या चुलतभावाच्या बायकोने न्यायचा, हे मला न विचारता ठरवून टाकलंस! लग्न होऊन आले तेव्हापासून तो फळांचा मनोरा मी डोक्यावरून देवळात नेतेय. मी काय मेले? त्या पोरीवर राग नाही, बिचारीने रडवेली होऊन मला सांगितलं. राग तुझ्यावर आहे. मला जपतोस म्हणे! कपाटातल्या बशीला जपतात तसा.

मनोरा यंदा लहान करणार आहे, रस्मिनीबाईंची तेवढी अट मानली. ती पोरगी बाजूने चालेल. चालणं मला जमेल. जमत नाही ते एकच. गेबोगान आपला आपल्याला डोक्यावर चढवता येत नाही, दुसऱ्याचे हात लागतात. इतकी वर्षं तुझे बाबा चढवायचे, आणि सोडण्याआधी हळूच विचारायचे, बसला का गं नीट? त्यांच्यामागे हा पहिलाच उत्सव. शेजारी करतील रे, पण मला ते नकोत. तू ये. माझं कोपर धरायला येऊ नकोस. मनोरा माझ्या डोक्यावर ठेव, तसंच विचार, आणि हात सोड.

तुझीच,
डोंगराकडे डोकं करून झोपणारी
आई