मिरचीचे एकवीस दिवस

५ मे, रविवार

बसली! दिवेलागणीले मिरचीले अकरा अंड्यांवर बसवलं. तीन दिवसांपासून खुडूक झाली होती – पिसं फुगवून कोपऱ्यात बसायची, हात जवळ नेला की टोचायची. टोपल्यात तणस टाकली, अंड्यांवर पेन्सिलनं फुल्या मारल्या, वीज कडाडली तर अंडी खराब होऊ नये म्हणून लोखंडी खिळा ठेवला. ऋतुजा हसली. म्हणे, "आई, बीएस्सीच्या पुस्तकात खिळा नाही." नसू दे. पुस्तकानं कोंबड्या पाळल्या नाहीत कधी.

२६ तारखेले एकवीस दिवस भरतात. हे टोपलं शेवटचं आहे. जानेवारीत मानमोडी आली न चार दिवसांत नऊ कोंबड्या गेल्या, माझ्या डोळ्यांसमोर माना टाकून. कोंबडा तर आधीच विकला होता – शेजारचा चंपतराव त्याच्या बांगेपायी रोज भांडायचा. उरली ही एकटी मिरची. अंडी भिवापूरहून, भावाच्या घरून आणली, बसमध्ये अख्खा रस्ता मांडीवर डबा धरून. हे साधलं तर माझं खुराडं पुन्हा भरेल. नाही तर खलास.

मी खुराड्याचं दार लावून राहिली होती न मागच्या दारात आत्याबाई उभी. ह्यांची आई. जानेवारीत तिले लकवा मारला, उजवा हात गेला, वाचा गेली. तेव्हापासून दोनच शब्द येते तिले – "नाही" न "माय". आज तिसरा आला. खुराड्याकडे पाहून काठी आपटली न म्हणते – "खड्ड्यात!"

घ्या! चार महिन्यांनी तोंड उघडलं न काय निघालं, तर शिवी. तेही आजच्या दिवशी!

८ मे, बुधवार

मिरची दिवसातून एकदाच उठते. दाणे खाते, पाणी पिते, धावत परत. मले हेवा वाटते तिचा. एकच काम न तेवढंच करायचं.

१२ मे, रविवार

रात्री ऋतुजानं मोबाइलच्या उजेडापुढे एकेक अंडं धरलं. दहांमध्ये लाल शिरा! एका अंड्यात तर मधोमध ठिपका हलून राहिला होता. पोरगी हसायची थांबली. एक कोरं निघालं, ते काढून टाकलं. दहा राहिली.

पलीकडून आत्याबाईचा आवाज – "खड्ड्यात, खड्ड्यात!" मी म्हटलं, झोपा आता!

१५ मे, बुधवार

काय ऊन आहे बाप्पा! खुराड्यावर टिन. दुपारी हात लावला तर चटका बसला. मिरची चोच वासून धापा टाकून राहिली होती पण उठली नाही. टिनावर ओलं पोतं टाकलं, अर्ध्या तासात खडखडीत. पुन्हा ओलं केलं. पिकोच्या साड्या पडून आहेत, बाया फोन करून राहिल्या, न मी पोते भिजवून राहिली.

चौथ्यांदा गेली तर आत्याबाई पाय ओढत आंगणात आलेली. काठीनं पोतं खाली ओढलं. "खड्ड्यात घाल!" दोन शब्द! टोपल्याकडे काठी, मग घराकडे काठी. "खड्ड्यात घाल!"

माझं डोकंच फिरलं. मी ओरडली – "काहून वं आत्याबाई, काय वाकडं केलं या मुक्या जिवानं तुमचं?" ती रडायले लागली. अर्धं तोंड रडते, अर्धं तसंच राहते. पाहवत नाही. पण मी घेतलं का समजून? नाही घेतलं. बावीस वर्षं ऐकली मी तिची ही शिवी. भाजी खारट झाली – खड्ड्यात गेला तुझा सैपाक. माहेरी दोन दिवस जास्त राहिली – खड्ड्यात गेलं तुझं भिवापूर. लकव्यानं सगळं नेलं न नेमकं हेच ठेवलं.

१८ मे, शनिवार

कामठीहून रुपराव भाऊजींचा फोन. "वहिनी, तुम्ही थकल्या. आईले आमच्याकडे पाठवा. पलंगासकट घेऊन जातो, टेम्पो आहे ओळखीचा." ह्यांच्या धाकट्या भावाच्या घरी खाली चार पॉवरलूम, दिवसरात्र खडखड. वर एक खोली. त्या आवाजात म्हातारी काय झोपेल?

हे इतवारीतून आले दुकान बंद करून. म्हणाले, "तू म्हणशील तसं." नेहमीचंच! सगळं माझ्यावर टाकायचं न आपण हातपाय धुवायचे.

इथं तिची खोली तरी गार आहे. आम्ही अजून तिले मागाची खोली म्हणतो. सासरे गेले, माग विकला, जमिनीवर फळ्या टाकल्या, वर पलंग. चाळीस वर्षं ती तिथंच विणत बसली, कमरेपर्यंत जमिनीत. आता त्याच जागेवर झोपते.

ऋतुजा म्हणे, "आई, मले नाही वाटत आजी शिव्या देते म्हणून." मग काय आशीर्वाद देते? भैताड पोरगी.

भाऊजींले काही सांगितलं नाही अजून.

२० मे, सोमवार

नाही! मिरची नाही, अंडी नाही, काहीच नाही!

जेवून कूलर लावून पडली होती. आमचा कूलर म्हणजे विमान, बाजूले ढोल वाजला तरी ऐकू येत नाही. चार वाजता दाणे टाकायले गेली तर खुराडं उघडं. टोपल्यात तणस न खिळा. बस.

मी सरळ चंपतरावच्या दारात. काय काय बोलली, आता लिहायचीही लाज वाटते. त्याच्या बोक्याले बोलली, त्याले बोलली, त्याच्या म्हाताऱ्या बापाले बोलली. गल्ली गोळा झाली. तो बनियनवर उभा, हात जोडून – "वहिनी, देवाशप्पथ! मी भांडतो ते तोंडानं. हातानं नाही." मी म्हटलं, कोंबड्याच्या बांगेनं ज्याची झोप मोडते त्याच्यावर मी काहून विश्वास ठेवू? हे येऊन मले ओढत घेऊन गेले.

दहाही अंड्यांत जीव होता. सहा दिवस राहिले होते फक्त.

२१ मे, मंगळवार

आज जे झालं ते मी माफ नाही करणार.

सकाळी आत्याबाईले चहा द्यायले गेली. डोळे सुजलेले माझे. तिनं माझं मनगट धरलं, पलंगाकडे बोट दाखवलं न हसली! अर्ध्या तोंडानं हसली. "खड्ड्यात! खड्ड्यात!" पुन्हा पुन्हा, लहान पोरावाणी खुश होऊन.

माझी कोंबडी खड्ड्यात गेली न ही हसते! कप तिथंच आपटला, बशीचे दोन तुकडे झाले. बाहेर येऊन फोन लावला. भाऊजी, रविवारी टेम्पो घेऊन या.

ऋतुजा माझ्याशी बोलून नाही राहिली.

२२ मे, बुधवार

चंपतराव फाटकाशी आला. आत नाही आला. म्हणे, "वहिनी, एक विचारतो. बोक्यानं खाल्ली असती तर पिसं दिसली असती ना? एक तरी पीस दिसलं काय तुमाले?"

नाही दिसलं. तो गेला. मग मी आंगणभर वाकून पीस शोधलं.

२३ मे, गुरुवार

आत्याबाईचं काही खरं नाही. ताटात भात जास्त मागते, बोटांनी दाखवते – अजून, अजून. ताट पलंगावर घेऊन बसते. पाण्याचा गडवा दिवसातून तीनदा रिकामा. एवढं खाते तरी अंगाले काही लागत नाही. खोलीत वासही येऊन राहिला. पलंगाखाली झाडायले वाकली तर काठी अशी मारली हातावर की वळ उठला. "नाही! नाही!"

मी म्हटलं, रविवारी कामठीले जायचं आहे तुमाले. भाऊजी नेतात. तिले समजलं. चेहरा पडला. मग डाव्या हाताची तीन बोटं दाखवली. तीन. काय तीन? तीन दिवस राहिले, हे मलेही माहीत आहे. चौथ्या दिवसाची वाट मीच पाहून राहिली.

असं लिहायले नको होतं. पण लिहिलं.

२५ मे, शनिवार

नवतपा लागला, कडक उन्हाचे नऊ दिवस. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

दुपारी आत्याबाईची बॅग भरली. चार नऊवारी लुगडी, त्यांतली दोन तिनंच विणलेली, काठ अजून असा घट्ट की बोट फिरवत राहावं. एक लुगडं सापडलं नाही, जुनं हिरवं. विचारलं तर तोंड फिरवलं. औषधांची पिशवी, काठीचं रबर, कुंकवाची जुनी डबी – कुंकू लावत नाही आता, पण डबी लागते.

भरता भरता रडूच आलं मले. ऋतुजा झाली तेव्हा हिनंच माझं सगळं केलं होतं, सव्वा महिना पाण्यात हात घालू दिला नाही. शिव्या देत देत केलं, पण केलं. हे कुठी लिहिलं मी कधी? सगळ्या वहीत शिव्याच लिहिल्या तिच्या.

मी तिच्याजवळ बसली. म्हटलं, आत्याबाई, दिवाळीले आणतो परत. तिनं पलंगाचा पाय धरला. असा धरला की बोटं पांढरी पडली. दुसरा हात चालत नाही, नाही तर दोन्हींनी धरला असता. मग हात सोडून एक बोट दाखवलं. एक. डोळ्यांत पाणी. "माय," मले म्हणाली. "माय." मले!

हे आले तेव्हा म्हटलं, राहू द्यायचं काय? हे म्हणाले, "टेम्पो सांगून झाला. रुपरावनं रंग दिला खोलीले. आता नाही कसं म्हणायचं?" मीच फोन केला होता. कोणत्या तोंडानं नाही म्हणू?

२६ मे, रविवार सकाळ

एकवीस दिवस झाले असते आज. भाऊजी निघाले कामठीहून. भात टाकला.

२६ मे, दुपार

भाऊजींनी न ह्यांनी आत्याबाईले उचलून खुर्चीत बसवलं. ती ओरडून राहिली – नाही, नाही. पलंग सरकवला. खालची एक फळी बाजूले झालेली.

मागाचा खड्डा. विणताना पाय सोडायचा तो. माग विकल्यावर अर्धा बुजवलेला. त्यात हिरवं लुगडं, बाजूले बशीच्या तुकड्यात भात, न लुगड्यावर मिरची, चोच उगारून. पंखाखालून चिवचिव!

आठ निघाले. दोन अंड्यांले भोक पडलं आहे.

एका हातानं, पाय ओढत, एकेक अंडं नेलं असेल तिनं त्या उन्हात. मी कूलरपुढे लोळून राहिली होती.

हे भिंतीले टेकून खालीच बसले. "उमरेडले माझी आजी नवतपात कोंबडी मागाच्या खड्ड्यातच बसवायची," म्हणाले. "टिनाखाली अंडी शिजते म्हणायची. मी विसरूनच गेलो गा!"

टेम्पो परत पाठवला. भाऊजी जेवून गेले. बॅग रिकामी केली. संध्याकाळी चंपतरावच्या दारात जायचं आहे, सगळ्या गल्लीसमोर.

ऋतुजानं एक पिल्लू आजीच्या मांडीवर ठेवलं. आत्याबाईनं ते डाव्या हातानं झाकलं न माझ्याकडे पाहिलं. जरा भीतभीतच.

"खड्ड्यात," म्हणाली.

"हो आत्याबाई," मी म्हटलं. "खड्ड्यात."