काहिलीवरची नजर

आबा,

परवा पाकाची अख्खी काहील करपली. उसाचा रस आटून घट्ट होत आला होता, थेंब पाण्यात टाकून बघायची वेळ झाली होती, आणि नेमका तेव्हाच दौंडहून टॅक्सचं काम बघणाऱ्या बाईंचा फोन. "दादा, ओटीपी सांगा पटकन. आज शेवटचा दिवस हाय, चुकला तर दंड भरावा लागंल." वाफेनं मोबाईलची काच धुरकटली. शर्टाला पुसून सहा आकडे वाचेपर्यंत पाकाचा रंग बदलला होता.

तुमच्या वेळी हे नव्हतं. सुट्या ढेपेला आजही कुणी काही विचारत नाही. तुम्ही गेल्यावर मी हौसेनं एक किलोचे डबे काढले, लेबलावर तुमचं नाव छापलं, आणि तोच गूळ जीएसटीच्या कचाट्यात सापडला. कर भरायला माझी ना नाही. पण पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद असतं तेव्हाही शून्य विक्रीचं पत्रक भरायचं! चुलवाण थंड आहे, त्यात कुत्री झोपतात, हे सरकारला परत परत कळवायचं. बिलावर गाडीच्या नंबरातला एक आकडा चुकला की गाडी शिक्रापूरला तपासणीत अडकलीच. मी गूळ करणारा माणूस. ऐन हंगामात माझा निम्मा दिवस पासवर्ड आठवण्यात जातो. वैतागून बाईंना विचारलं, हे सगळं बंद कसं करायचं? म्हणाल्या, "नोंदणी रद्द करायचा अर्ज हाय की. पण आधी राहिलेली पत्रकं भरा, आन् रद्द झाल्यावर शेवटचं एक." बंद करायलाही पत्रक. मी फोनच ठेवून दिला.

कॉलेज सोडल्यावरचा पहिला हंगाम आठवतो. मी काहिलीपाशी उभा आहे. केडगावकडून एक्सप्रेस धडधडत येते, मी मान वळवतो. "गाडी कवा बी येती, पाक येकदाच येतो. नजर हिकडं!" तुम्ही ओरडता, पण उशीर झालेला असतो. दुसऱ्या दिवशी व्यापारी काळी ढेप फोडून विचारतो, "आबा, ही कुणाची करणी?" माझ्याकडे न बघता तुम्ही सांगता, "माजीच. नजर चुकली." रात्री जेवताना बोलणी खायची तयारी ठेवून बसलो होतो. तुम्ही फक्त काकवीची वाटी माझ्यापुढं सारली.

आणि परवा मी काय केलं? जाळ घालणारा आपला भैया, तुमच्या हाताखाली राबून म्हातारा झालेला, त्याच्यावर सगळ्यांसमोर ओरडलो. जाळ जास्त घातलास म्हणालो. तो हातातलं चिपाड तसंच धरून उभा राहिला. "आँच तो बराबर थी, सेठ," एवढंच बोलला. आज सकाळी त्यानं आपली पेटी बांधली. भर हंगामात.

राहिलेली पत्रकं भरून रद्द करायचा अर्जही भरलाय. मंजूर झाला की डबे बंद, आणि डब्यांवरचं तुमचं नावही. हे लिहितोय ते त्याच उरलेल्या लेबलांच्या पाठीवर. सरकारवर रागवायला मला कारणं पुष्कळ आहेत आणि ती खोटी नाहीत. पण जाळ बरोबर होता, आबा. मला तेव्हाच माहीत होतं. दौंडहून त्याची गाडी संध्याकाळची आहे, आणि त्याला सांगायचं ते मी इथं बसून तुम्हाला सांगतोय.