झाकणावरचा लाल ठिपका

महाड, १२ नोव्हेंबर

प्रिय मुश्ताक,

बिरवाडीचा मुसैब शुक्रवारी दोह्याला निघालाय. परवीन वहिनींनी तुझ्यासाठी सुकट आणि पापड बांधून दिलेत, त्यातच हे पाकीट आहे. फोनवर तू बोलतोस आणि मी नुसता ‘बरं, बरं’ करत राहतो, म्हणून लिहायला बसलो. आत एक पुडी आहे, ती पत्र संपल्यावर उघड. आफियाशी जे बोलायला तू सांगितलं होतंस त्याचंही लिहितो, पण आधी गाडीचं. तुझ्या एस्टीमचं इंजिन माझ्यामुळे जळलं. आता ते दुरुस्त झालंय. तरी चूक कशी झाली हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं.

तो ब्लोअर कसा आला होता, आठवतं? दोन हजार आठची तुझी सुट्टी. दोरीने करकचून बांधलेला खोका, चारही बाजूंना तुझं नाव. आत सरबताच्या पावडरीचे डबे, साबण, आणि तुझ्या पाच वर्षांच्या आफियासाठी आणलेल्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला तो ॲल्युमिनियमचा गोळा. वहिनींना वाटलं मिक्सर आणलास. “एवढा जड? अख्ख्या मोहल्ल्याचं वाटण करायचंय का मला?” त्यावर तू, भंगारातल्या जपानी गाडीचा सुपरचार्जर आहे, असं सांगितलंस, तेव्हा त्या दोन दिवस तुझ्याशी बोलल्या नाहीत. इंजिन श्वास घेतं आणि हा त्याच्या तोंडात जास्तीची हवा कोंबतो, असं तू मला समजावलंस. वीस दिवसांच्या सुट्टीतले सतरा दिवस तू बोनेटखाली होतास. अठराव्या दिवशी आपण वरंधचा चढ चढलो आणि ती बारीक शिट्टी पहिल्यांदा ऐकली. डायरीत लिहिलंय, ‘तिसरा गियर, एकदाही खाली नाही. मुश्ताक मोठ्याने हसला.’ तसं हसताना मी तुला नंतर फारसं पाहिलं नाही. कॉलेजात असताना तुला इंजिनांचंच काम करायचं होतं. तुझ्या अब्बांनी दोह्याचं तिकीट काढलं आणि तू गेलास. त्याबद्दल आपण कधी बोललो नाही.

दोन हजार एकोणीसला तू शेवटचा आलास. निघायच्या सकाळी कार्ब्युरेटरचं माप बसवलंस, आफियाकडून नेलपॉलिशची बाटली मागवलीस आणि झाकणाच्या स्क्रूवर लाल ठिपका दिलास. कोणी हात लावला तर ठिपका तडकेल आणि कळेल, ही तुम्हा गॅरेजवाल्यांची जुनी रीत. “अश्वजित, याला कोणाला हात लावू द्यायचा नाय,” एवढं बोलून तू गाडीची किल्ली माझ्या हातात दिलीस. सहा वर्षं मी तो ठिपका सांभाळला. दर रविवारी गाडी पुसायचो तेव्हा आधी बोनेट उघडून तोच बघायचो.

आता माझा दोष. पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढतंय हे मला माहीत होतं. कारखान्याच्या लॅबमध्ये मी दिवसभर दुसऱ्यांच्या द्रावणांत काय मिसळलंय तेच मोजतो. मे महिन्यात घरी काचेच्या नळीत नव्वद मिली पेट्रोल आणि दहा मिली पाणी घालून हलवलं. इथेनॉल पाण्यात उतरलं आणि खालचा थर अठ्ठावीसवर गेला. म्हणजे अठरा मिली इथेनॉल, पाचवा हिस्सा. तारखेसकट लिहून ठेवलंय. लिहिलं आणि वही मिटली.

आफियाने मात्र सांगितलं होतं. लोणेऱ्याहून इंजिनिअर होऊन आलेली मुलगी, आणि मी तिला ‘तुझ्या अब्बांचा शब्द आहे’ म्हणून गप्प केलं. ती म्हणाली, “काका, इथेनॉल वाईट नाही. उलट थंड असतं, ब्लोअरला मानवतं. पण ते जास्त लागतं. जेवणारा बदललाय आणि तुम्ही जुन्याच वाटीने वाढताय.” कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं भोक मोठं करायला हवं, रबरी नळ्या बदलायला हव्यात, नाहीतर हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडून इंजिन तापेल, असं तिचं म्हणणं होतं. मी ठिपक्याकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, “अब्बांनी गाडी चालवायला दिलीय, शोकेसमध्ये ठेवायला नाही.”

गेल्या महिन्यात तिला घेऊन आंबेनळीने महाबळेश्वरला निघालो. स्टिअरिंग तिच्याकडे होतं. चढाला ब्लोअर शिट्टी घालायला लागला आणि पाठोपाठ डब्यात खडे हलवावेत तशी टकटक. ती ॲक्सिलरेटरवरून पाय काढत होती. मला वाटेत जे बोलायचं होतं त्याची जुळवाजुळव चालली होती, म्हणून मीच म्हणालो, दाब अजून, मागून एसटी येतेय. दोन वळणांनंतर निळा धूर आला आणि गाडी थांबली. बरं झालं, कडेला जागा होती. ती शांतपणे मागच्या चाकाला दगड लावत होती.

पोलादपूरच्या चांगू मिस्त्रीने जीपला बांधून खाली आणली. इंजिन उघडून पिस्टन माझ्यासमोर धरला, करंगळी जाईल एवढं भोक. “सायेब, माप जुनं ठेवलंत ता ठीक हाय. पेट्रोल जुनं हाय काय?” आफियाने त्याच्याकडे दहा दिवस काम केलं. नवा पिस्टन, नळ्या, मोठा जेट. ठिपका तिनेच नखाने खरवडला, मला विचारून. मी मान हलवली, पण बघवलं नाही म्हणून बाहेर जाऊन उभा राहिलो. चांगू म्हणतो, “पोरीचा कान बापावर गेलाय.”

त्या दिवशी आंबेनळीला मी तिला का नेलं होतं, हे तुला ठाऊक आहे. पुण्यात मिळालेल्या इंजिन चाचणीच्या कामाला नाही म्हण, अब्बांनी दोह्यात ऑफिसची खुर्ची बघून ठेवलीय, घरातलं एक माणूस तरी त्यांच्याजवळ असू दे, हे तुझं सांगणं मला तिच्या गळी उतरवायचं होतं. तुझं एकटेपण मला कळतं. तुझी भाकरी तिथे एकट्याने खाल्ली जाते, हे मी विसरलेलो नाही. तरी ते बोलणं माझ्याकडून झालं नाही आणि आता होणारही नाही. पुडीत जुना जेट आणि तो स्क्रू आहे, खाचेत थोडा लाल रंग उरलाय. नवा ठिपका आम्ही लावलेला नाही. आफिया म्हणते, पेट्रोल बदललं की पुन्हा उघडावं लागेल. सोमवारी सकाळी मी तिला याच गाडीतून वरंधमार्गे पुण्याला त्या कामावर सोडायला निघतोय. रागवायचं असेल तर मला फोन कर. तिला करशील तेव्हा फक्त विचार, वरंधच्या चढाला शिट्टी कशी वाजली.

तुझाच,
अश्वजित