डांबरी रस्त्यावरचा चकवा

६ जानेवारी २०२५, वेल्हे

पोहोचलो एकदाचा! सारोळ्याहून निघताना संजीवनीने एवढं बांधून दिलं, की बिऱ्हाड चाललंय का दुकान, असं एसटीच्या कंडक्टरने विचारलं. खोली झकास आहे. खाली मालकीण जाईबाई राहतात, त्या अंगणवाडीत स्वयंपाक करतात. वर मी. गॅलरीत उभं राहिलं की समोर तोरणा. जमिनी मोजणाऱ्या माणसाला आणखी काय हवं? कचेरीतले गेनबामामा शिपाई आहेत, निवृत्तीला आलेत, पण तालुक्यातला बांध न् बांध त्यांना पाठ. आमच्या सोनियाचा पहिलीचा निकाल लागला की संजीवनी आणि ती, मायलेकी कायमच्या इकडे येणार. ती आली की वाचून दाखवायला ही वही. बाबा एकटा काय करत होता, ते तिला कळलं पाहिजे.

१९ जानेवारी

काल पहिली मोठी मोजणी झाली. दोन भाऊ बांधावरून सात वर्षं बोलत नव्हते. हद्दीचे दगड रोवले आणि दोघं एका पंगतीला जेवले. मोजणी झाली की जेवण घालायचं, अशी इकडची रीत आहे. ओढ्यापलीकडे कोंडिबाची हिरव्या पत्र्याची शेड आहे, तिथे मटण आणि जोडीला बाटली. मी काही पिणारा नव्हे, लग्नाकार्यात घेतली तर घेतली. दोन पेग झाले, झोप मस्त लागली. शनिवारी घ्यायला हरकत नाही, असं ठरवलं.

२२ फेब्रुवारी

शनिवारचा बुधवार-शनिवार झाला आणि मग मोजणीचा दिवस. मोजणी तर रोजच असते. नियम माझा, तेव्हा बदलायचा हक्कही माझाच! डोंगर चढून गुडघे बोलायला लागतात, दोन घोट घेतले की गप्प होतात. दोन पेगने आता काही होत नाही एवढंच. संजीवनीने फोनवर विचारलं, जेवलास का? हो म्हणालो. आवाज जड का, तर सर्दी म्हणालो. एवढ्याशा गोष्टीसाठी खोटं का बोललो, हे मलाही कळलं नाही.

११ मार्च

आज गंमत झाली. जायचं नाही असं सकाळीच ठरवलं होतं. संध्याकाळी मुद्दाम उलट्या बाजूने, शाळेच्या गल्लीने घरी निघालो. शाळेची घंटा ऐकली, पोरं सुटली. आणि मान वर केली तर समोर हिरवा पत्रा. ओढा कधी ओलांडला? कोंडिबा हसून म्हणाला, आज लवकर. आता आलोच आहे तर, म्हणून बसलो.

१७ मार्च

पुन्हा तेच झालं, सलग चार दिवस. कुठल्याही वाटेने निघालो तरी शेवट शेडपाशी. मी उपग्रहावरून जमीन मोजणाऱ्या रोव्हर यंत्रावर इंचाइंचाचा हिशेब करणारा माणूस, मला रस्ता चुकेल? हसत हसत गेनबामामांना सांगितलं. ते हसले नाहीत.

"चकवा हाय साहेब. लागला की हाय तितंच बूड टेकायचं. हलायचं न्हाई."

इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हणजे यात माझा दोष नाही. संध्याकाळी वाटेतल्या मोरीच्या कठड्यावर बसलो आणि अजिबात हललो नाही. भानावर आलो तेव्हा हातात ग्लास होता.

२ एप्रिल

रोव्हरची काठी सरळ आहे की नाही ते तिच्यावरचा बुडबुडा सांगतो. तो मधल्या गोलात थांबला पाहिजे. आज थांबेना. पंच बघत होते, लगतचे शेतकरी बघत होते. उन्हाने, म्हणालो. शेवटी गेनबामामांनी काठी हातात घेतली. मी झाडामागे जाऊन बॅगेतल्या पाण्याच्या बाटलीतून दोन घोट घेतले. त्यात पाणी नव्हतं. पाच मिनिटांत हात दगडासारखा स्थिर. हात थरथरला तेव्हा लाज वाटली होती. स्थिर झाला तेव्हा मी घाबरलो.

१० एप्रिल

जाईबाई जिन्यात आडव्या आल्या. खोली सोडता का, असं विचारतील वाटलं. माझ्या चकव्याबद्दल गेनबामामांनी त्यांना सांगितलं होतं.

"चकवा रानात लागतो, साहेब. डांबरी सडकंवर न्हाई." मग हळू म्हणाल्या, "आमचं मालक बी नऊ वर्सं चकवाच म्हनत व्हते."

त्यांचे मालक सावळाराम, त्यांचा हार घातलेला फोटो खाली आहे. मला राग आला. मोजणीदाराशी वाद? उद्यापासून मोबाईलवर रस्त्याची नोंद चालू ठेवतो. बाईंना नकाशाच दाखवतो.

१७ एप्रिल

चार दिवसांच्या चार रेघा आहेत. कचेरी ते शेड. एकही कुठे वळली नाही, कुठे घुटमळली नाही. शाळेची गल्ली, मोरी, काही नाही. याही चार दिवसांत मला घंटा ऐकू आलेली आठवते. रेघ म्हणते, तू तिकडे गेलाच नाहीस. वेळाही आहेत. सहा. पाच. सव्वाचार. साडेबारा.

इतकी सरळ रेघ मी नोकरीत कधी काढली नाही. भूत असतं तर बरं झालं असतं. भुताला उतारा असतो.

१८ एप्रिल

भोरला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी प्रश्न विचारले, मी निम्म्यांना खोटी उत्तरं दिली, त्यांना सगळी कळली. म्हणाले, हा आजार आहे, बरा होतो. एकट्याने एकदम बंद करू नका, जिवावर बेतेल. घरच्यांना घेऊन या, दाखल करून घेतो. हो म्हणालो. संजीवनीला आज फोन करणार होतो.

रेघ पाहिली. दवाखाना ते शेड. मध्ये एसटी बदलली आहे, तरी सरळ.

२७ एप्रिल

सोनियाचा फोन. अ श्रेणी. पुढच्या रविवारी येणार. एसटीतून उतरल्या उतरल्या बाबा दिसला पाहिजे म्हणे — शपथ घातली. संजीवनीला सांगायला तोंड उघडलं — सर्दी झाली म्हणालो —

३ मे

आज नाही. उद्या ती येणार म्हणून आज नाही. भिंतीवर मुंग्या आहेत. जाईबाई म्हणतात नाहीत.

४ मे, सकाळी ९

स्टँडवर येऊन बसलोय. कालपासून एक थेंब नाही. एसटी साडेदहाची. लिहीत राहिलो की उठणार नाही —

९.४०

घाम. एक गाडी आली. त्यांची नाही.

१०.१०

अक्षर बघ सोनिया, तुझ्याहून वाईट — बसलोय — बाबा बसलाय —

वही मांडीवर होती. आता टेबलावर आहे. स्टँडवर टेबल नाही.

हिरवा पत्रा. मी उठलो कधी —

फोन. संजीवनी. उतरल्यात. सोनियाला वाटतंय बाबा लपलाय. बाकांखाली शोधतेय, हसतेय, मला ऐकू येतंय —

आलोच म्हणालो. उठतो. हे एवढं ग्लासातलं —