आजोबांचं पाऊल किती इंचांचं

प्रिय भिंगरी,

मी तुझी आजी. ओळख पटावी म्हणून सांगते: बुटकी, खालचे चारच दात शिल्लक, तुझ्या केसांतला गुंता सोडवताना शिव्या देणारी ती. संग्रहालयात बसून तुला हजार वर्षांपूर्वीचं सगळं आठवतं म्हणे, तर मी तशी अलीकडचीच आहे. हे पत्र शेजारच्या शिंपीणबाई लिहून घेताहेत. मी बोलेन तस्सं लिहा, कुठे काही झाकायला अस्तर लावू नका, असं त्यांना बजावलंय.

तुमच्या पुरातत्त्व खात्याचा अहवाल आला. यांनी वाचला, घडी घातली आणि अंगणात जाऊन बसले. मग मी शिंपीणबाईंकडून दोनदा वाचून घेतला. टेकडीवर खणलं, काही सापडलं नाही, 'सदर हौशी व्यक्तीच्या नोंदी निराधार आहेत.' निराधारचा अर्थ मी विचारला. त्यांनी सांगितला, तेव्हा हातातली परात खाली आपटली. पण खरा तिळपापड झाला तो खालची सही कोणाची ते कळल्यावर. सदर हौशी व्यक्ती! अगं, त्या सदर व्यक्तीच्या खांद्यावर बसून तू जग पाहिलंस.

फौजेतून घरी आले तेव्हा या माणसाने आम्हाला वर्षभर छळलं, ते तुला ठाऊक नाही. चादरींचे कोपरे मोजायचे, चहाला दोन मिनिटं उशीर झाला की घड्याळाकडे बघायचे. मी तर यांना परत घ्या असं फौजेला कळवणार होते. मग एक दिवस मागच्या दारचा माझा धुण्याचा दगड यांनी उलटा केला, तर खाली अक्षरं कोरलेली! इतकी वर्षं मी कोणा राजाच्या हुकुमावर परकर आपटत होते. त्या दिवसापासून हे टेकडीचे झाले. लोक जुनं शोधायला जमिनीकडे बघतात, हे आधी समोर बघायचे. इथे पहारा ठेवायचा असता तर मी माणूस कुठे उभा केला असता, असं म्हणत जागा धरायचे, आणि तिथेच चौथरा निघायचा. टेप कधी वापरली नाही. विहिरीपासून पडक्या भिंतीपर्यंत इतकी पावलं, भिंतीपासून पाण्याच्या झाकलेल्या पाटापर्यंत इतकी, असं मोजून वहीत उतरवायचे. अठरा वर्षं, बारा वह्या.

आणि तुम्ही शहाण्यांनी काय केलं? फौजी पाऊल तीस इंचांचं, असं कुठल्याशा पुस्तकात बघितलं आणि गुणाकार करून मोकळे झालात. अगं, फौजेत असताना ट्रक उलटला तेव्हापासून यांचा डावा गुडघा वाकत नाही! उजवं पाऊल लांब पडतं, डावं आखूड. तू चार वर्षांची असताना मागेमागे तसंच लंगडत चालायचीस आणि मी तुझ्या पाठीत धपाटा घालायची. जगात दुसऱ्या कोणाकडून ही चूक झाली असती तर मी हसून सोडली असती.

खणलेला खड्डा मी स्वतः बघून आले. पाट आहे तिथून चांगला नव्वद हात पुढे, वीटभट्टीच्या राखेत. पाटावरची शिळा मला माहीत आहे, तिच्यावर बसून मी यांच्या टाचेतला काटा काढलाय. तुमच्या साहेबांना तसं सांगितलं, तर म्हणाले, आजी, नकाशा तसं सांगत नाही. नकाशाला काटा काढायला कोणी बसवलं होतं का, असं विचारून मी परत आले. दुसऱ्या दिवशी हे अंघोळ करून बाहेर आले, फरशीवर ओली पावलं उठली, आणि शिंपीणबाईंनी ती वाळायच्या आत त्यांच्यातलं अंतर आपल्या टेपने मोजलं. उजवं तीस इंच, डावं बावीस. मला लिहिता येत नाही, पण दोन्ही सारखी नाहीत एवढं मलाही दिसतं.

आता मुद्द्याचं. काल टेबलावर यांच्या हातचं पत्र सापडलं, तुमच्या साहेबांच्या नावाचं. त्यात लिहिलंय की मोजण्यात चूक माझीच झाली, माझ्या नातीने केलेला हिशोब बरोबर आहे. म्हणजे यांना पहिल्या दिवसापासून कळलेलं होतं. तुझी नवी नोकरी सांभाळायला हा माणूस अठरा वर्षं पाण्यात घालायला निघालाय. पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं. मी टाकलेलं नाही, टाकणारही नाही. पण राग काढायला पत्र लिहिलं असं समजू नकोस. येत्या नऊ तारखेला यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आहे. गुडघा नवा बसला की पाऊलही नवं पडेल, आणि बारा वह्यांतलं एकही अंतर पुन्हा कोणाला लावता येणार नाही. चढावरचं पाऊल वेगळं, उतारावरचं वेगळं. ते फरशीवर मोजता येत नाही, आणि आम्हा दोन बायकांचा शब्द तुमचे साहेब धरणार नाहीत. नऊ तारखेच्या आत ये. साहेबांना घेऊन ये. यांना टेकडीवर चालव, स्वतः टेप धर, आणि खाली तीच सही कर. हे नको नको म्हणतील. आजीचा हुकूम आहे म्हणून सांग, हुकूम म्हटलं की उठतात.

तुझीच,
चिडलेली आजी

ता. क. येणाऱ्या कोणाबरोबर आधी संत्री पाठव, डझनभर, आंबट बघून; डॉक्टरांनी यांचं गोड बंद केलंय. माझं बंद केलेलं नाही, तेव्हा माझी चार गोड निवडून वेगळ्या पिशवीत घाल.