झोपाळ्याची तुळई

३ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं, मग खोडलं. एवढा मान देतेय म्हणजे हिला काहीतरी हवंय, असं तू म्हणाला असतास. तब्येत कशी आहे? खोकला? मशीनवर काम करताना तोंडाला फडकं बांधतोस, की ते खिशातच असतं?

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा जिना चढू देतो पण उतरताना कुरकुरतो. म्हणून ती एकदा वर गेली की वरच बसते आणि तिथून हुकूम सोडते. महिन्यातून एकदा तुझं नाव काढते, मला ऐकू जाईल अशा आवाजात, पण माझ्याकडे न बघता. फोन करावा तर तुला ऐकू येत नाही, मेसेज तू उघडत नाहीस, म्हणून हे पत्र. जिन्याच्या घरानंतर चार वर्षं आपण अवाक्षर बोललेलो नाही. आज तो विषय मी काढणार नाहीये.

कामाचं सांगते. टेकडीच्या उतारावर एक मोठं घर नुकतंच पुरं झालं. मालकीण दातांची डॉक्टर, नवरा जहाजावर, सहा सहा महिने बाहेर. दोन जुळ्या मुली, आता सात वर्षांच्या होतील. पहिल्याच भेटीत बाई म्हणाल्या होत्या की दिवसभर मी लोकांच्या अंधाऱ्या तोंडात बघते, घरी आल्यावर मला सगळं उघडं दिसू दे. मला तर तेच हवं होतं. खांब, तुळया, वासे, सांधे, काहीही झाकलेलं नाही. दिवाणखान्यात मान वर केली की छप्पर कसं उभं आहे ते पोरालाही कळेल. मागे भली मोठी पडवी आहे, तीन बाजूंनी मोकळी. तिथेच स्वयंपाकाचा ओटा, बारा माणसांचं टेबल, पायाखाली लाकडी फळ्या आणि पुढे उतरती बाग. पडवीच्या छपराची मुख्य तुळई अठरा फुटांची आहे. मधे खांब घेतला नाही, टेकडी दोन तुकड्यांत दिसली असती. त्या तुळईला झोपाळा टांगलाय. तिघं मोठी माणसं आरामात बसतील एवढा.

लोक बघायला येतात. एका मासिकाचा फोटोग्राफरही येऊन गेला. सगळे वर बघतात आणि 'वा' म्हणतात. मीही वर बघते.

एक विचारायचं होतं. माझ्या ओळखीच्या एका आर्किटेक्टच्या कामात तुळईला चीर गेली आहे. आडवी, लाकडाच्या रेषेतच, साधारण दोन हात लांब. लाकूड वाळताना चिरा पडतातच, हे तूच शिकवलंस, आणि बहुतेक चिरा निरुपद्रवी असतात हेही. तर तिने किती घाबरावं? सवडीने कळव. घाई नाही.

तुझी,
धाकटी


९ मार्च

फूटपट्टी,

खोकला आहे. फडकं खिशात असतं.

तुझी ओळखीची आर्किटेक्ट फ्रॉक घालत होती तेव्हापासून मी तिला ओळखतो. तिला विचार, झोपाळा टांगलाय कसा? तुळईच्या पाठीवरून लोखंडी पट्टा घेऊन, की पोटात भोकं पाडून कड्या बसवून? पाठीवरून असेल तर अख्खी तुळई वजन घेते. पोटातून असेल तर झोपाळा खालचा अर्धा भाग ओढून वरच्यापासून सोडवत असतो, प्रत्येक झोक्याला थोडा थोडा. चीर कड्यांच्या रांगेत आहे का? लाकूड आलं तेव्हा किती ओलं होतं? आकडा सांग. अंदाज नको.

चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने उभी खूण कर, शेजारी तारीख घाल. चीर खुणेच्या पुढे सरकली तर आधी खाली टेकू लाव, माणसं हलव, मग पत्र लिहीत बस.

आईला सांग, जेवतो वेळेवर.

दादा


१४ मार्च

प्रिय दादा,

तुझं पत्र उभ्याउभ्या वाचलं. मग बसून वाचलं. अक्षर अजून तसंच आहे, फळीवर आखल्यासारखं. आईने पत्र माझ्या हातातून घेतलं, 'जेवतो वेळेवर' एवढंच वाचलं आणि म्हणाली की खोटारडा आहे. दिवसभर ते पत्र तिच्या उशाशी होतं.

ती आर्किटेक्ट मीच. आणि पोटातून.

नव्या मिस्त्रींनी पट्टाच आणला होता. तो तुळईवर काळा, जाड दिसायचा, कमरेला दोर बांधल्यासारखा. मी म्हटलं, काढा, सगळी रेघ बिघडते. ते दोनदा म्हणाले, ताई, नको. मी चित्र काढून दाखवलं, खालून भोकं पाडा, आत बोल्ट, बाहेर फक्त दोन नाजूक कड्या. त्यांनी पाडली. पैसे देणाऱ्याचं आणि चित्र काढणाऱ्याचं ऐकायचं असतं.

चीर कड्यांच्या रांगेतच आहे. एका कडीपासून दुसरीपर्यंत, आणि दोन्हीकडे थोडी बाहेर.

पहिल्यांदा दिसली तेव्हा मी मिस्त्रींना ती बुजवायला सांगितली. लाकडाचा भुसा, सरस, वरून रंग. एवढी बेमालूम झाली की मलाच शोधावी लागली. मनाशी म्हटलं, झालं. पण त्या दिवसापासून फोनवर बाईंचं नाव दिसलं की दोन-तीन रिंगा जाऊ देते. परवा त्यांनी फक्त नळ गळतोय हे सांगायला फोन केला होता. त्या बोलत होत्या आणि मी मागे मुलींचे आवाज येतात का ते ऐकत होते. दोघींचे आले तेव्हा कुठे नळाचं ऐकू यायला लागलं.

गेल्या आठवड्यात चहाला थांबले होते. बाई झोपाळ्यावर पाय वर घेऊन पडल्या होत्या. वर बघता बघता म्हणाल्या, "हे तुम्ही फिलिंग केलंय ना? रंग छान जुळवलाय, पण मला कळतं हो, माझा धंदाच तो." मी हसले. म्हटलं, लाकडात असतं असं, दिसायला बरं म्हणून भरतो. त्याही हसल्या. म्हणाल्या, आम्ही आतली कीड काढल्याशिवाय भरत नाही, तुमचं बरंय. मग म्हणाल्या की ऊन उतरलं की घर कडाकडा बोटं मोडतं, आम्हाला शिव्या घालतंय की काय. मी चहा प्यायले.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, तू सांगितल्याप्रमाणे खुणा केल्या. पॉलिश बघायला आले असं सांगून शिडीवर चढले. जवळून पाहिलं तर भरलेला भुसा एका कडेने सुटला होता. आत नख गेलं. खाली उतरून बाईंना सांगितलं की पॉलिश ओलं आहे, आठ दिवस झोपाळा वापरू नका. मुलींचे चेहरे पडले. मी किती शहाणपणाने वागले, असं घरी येईपर्यंत वाटत होतं. आठ दिवसांनी काय सांगणार?

आज पुन्हा गेले. डावीकडची खूण जागच्या जागी. उजवीकडे चीर खुणेच्या किंचित पुढे वाटते. पेन्सिलीच्या जाडीइतकी. कदाचित खूणच मी आधी आत केली असेल. प्रकाशामुळेही तसं दिसतं. शिडी हलत होती, त्यामुळे नीट सांगता येत नाही.

लाकूड किती ओलं होतं ते फाईल बघून सांगते.

बावीस तारखेला मुलींचा वाढदिवस आहे, पडवीत. बारा मुलं येणार आहेत.

तुझी,
फूटपट्टी


२२ मार्च, रविवार

प्रिय दादा,

कोणाला काही झालेलं नाही. ते आधी लिहिते.

सकाळची वेळ आहे. वाढदिवस आज दुपारी आहे, दिवाणखान्यात. पडवीचं दार बंद आहे, आणि तुळईखाली काल संध्याकाळपासून चार लोखंडी टेकू उभे आहेत. बाहेरून बघितलं तर म्हाताऱ्याने काठ्या टेकल्यासारखं दिसतं.

खूण पेन्सिलीच्या जाडीइतकी ओलांडली, असं मी लिहिलं होतं. ती दोन बोटं ओलांडली होती. पत्र लिहिताना मला ते स्वच्छ माहीत होतं. तुला दोन बोटं लिहिली असती तर तू पुढचं काय सांगणार होतास तेही माहीत होतं, तू आधीच लिहिलं होतंस. म्हणून पेन्सिल लिहिलं.

काल शनिवारी पॉलिशचं आणखी एक निमित्त काढून गेले. वाटेत ठरवत होते की 'अजून ओलंच आहे' म्हणायचं, मग सोमवारी कसंतरी बघू. पडवीत पाय ठेवला तर दोघी मुली जमिनीवर पालथ्या पडून यादी करत होत्या. झोपाळ्यावर कोणी कधी बसायचं याची. तिघातिघांचे गट, प्रत्येकाला पन्नास झोके. सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत 'आर्किटेक्ट मावशी' लिहिलं होतं. एकीने समजावून सांगितलं की झोपाळा तुम्ही केलात ना, म्हणून पहिला नंबर तुमचा. दुसरी म्हणाली, पण उद्या गर्दी असेल, आजच बसून घ्या.

बाई ओट्याशी काहीतरी चिरत होत्या. त्याही म्हणाल्या, खरंच की, तुम्ही एकदाही बसला नाहीत.

मुलींनी झोपाळा धरून ठेवला. दोन्ही साखळ्या दोघींच्या हातात. मी बसायला वळले. गुडघे वाकेनात. आजवर बाई त्यावर आडव्या झालेल्या मी पाहिल्या होत्या, मुली उभ्या राहून हिंदकळलेल्या पाहिल्या होत्या, आणि मी चहा पीत बसले होते. आणि माझं स्वतःचं अंग त्यावर टाकायची माझी तयारी नव्हती. पोरी म्हणत होत्या, बसा ना मावशी, आम्ही हळू देतो.

मी त्यांचे हात साखळ्यांवरून सोडवले. एकीला जरा जोरात ओढलं असावं, ती कळवळली. दोघींना बागेत नेऊन उभं केलं आणि परत येऊन बाईंना सांगितलं. कड्यांचं, चिरेचं, भुशाचं. त्यांच्या तोंडाकडे बघून सांगितलं.

त्यांनी सुरी खाली ठेवली. विचारलं, "किती दिवस माहीत आहे तुम्हाला?"

"पंचवीस."

"मी फिलिंगचं विचारलं तेव्हा?"

"तेव्हाही."

"तुम्ही हसला होतात," त्या म्हणाल्या. बस, एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या बागेत गेल्या, दोघींना जवळ ओढलं आणि पाठ करून उभ्या राहिल्या.

मिस्त्री तासाभरात टेकू घेऊन आले. टेकू आवळून झाले, झोपाळा उतरवला, मग त्यांनी भुसा खरवडून काढला आणि करवतीचं पातळ पातं चिरेत सरकवलं. मला वाटलं होतं बोटभर जाईल. ते गेलं, जातच राहिलं, आणि पलीकडच्या बाजूने बाहेर आलं. अठरा फुटांची अखंड तुळई म्हणून मी लोकांना जी दाखवत होते, तिच्या मधोमध एकावर एक ठेवलेल्या दोन फळ्या होत्या. वर सगळं छप्पर.

मिस्त्री माझ्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत मला तुळईची भीती दिसली नाही. ती माझी होती. आता ताई दोष कोणावर टाकणार, याची. मी तिथेच बाईंच्या टेबलाशी बसून लिहून दिलं की कड्या माझ्या सांगण्यावरून, बुजवणं माझ्या सांगण्यावरून, मिस्त्रींनी दोनदा नको म्हटलं होतं. आणि तू मागितलेला आकडा. यंत्रावर ओलावा सत्तावीस टक्के आला होता. फाईलमध्ये मी चौदा लिहिलं. लाकूड आणखी चार महिने वाळत ठेवायला हवं होतं आणि मला फोटोंची तारीख गाठायची होती. बाईंनी कागद वाचला, घडी घातली, म्हणाल्या की नवरा आला की काय ते ठरवू. दारापर्यंत आल्या नाहीत.

सोमवारी तुळई उतरवतील. पुढे माझं काय होईल ते माहीत नाही. इथे लोक एकमेकांना विचारून आर्किटेक्ट निवडतात.

आता ते.

जिन्याच्या घराचं सुतारकाम तुझं होतं. तिथे पायऱ्या फाटून त्या घरच्या बाई पडल्या, मनगट मोडलं, आणि मालक मला विचारत होते की हे झालं कसं. तू दाराशी उभा होतास, नेहमीसारखा माझ्या ओठांकडे बघत. करवतीच्या आवाजाने तुझे कान गेल्यापासून मी तुझ्यासाठी सावकाश बोलायचे, आठवतं? त्या दिवशी मी उठून खिडकीशी गेले. पडदा सारखा केल्यासारखं केलं. आणि तिकडे तोंड करून म्हणाले की मिस्त्रींनी ओलं लाकूड वापरलं, मला सांगितलं नाही.

तू मला तीनदा सांगितलं होतंस.

त्यांनी तुला बाहेर काढलं तेव्हा तू माझ्याकडे बघून खांदे उडवलेस, हा माणूस काय विचित्र आहे, अशा अर्थाने. मीही उडवले. नंतर तुला कोणी सांगितलं की नाही, मला आजपर्यंत माहीत नाही. चार वर्षं मी तुला विचारलं नाही, कारण विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं. तुझं पत्र आलं, त्यात तू मला लहानपणीसारखं फूटपट्टी म्हणालास, आणि माझी पाचावर धारण बसली. म्हणजे याला माहीतच नाही. किंवा आहे, आणि तरी.

जिन्याच्या घराच्या मालकांना खरं काय ते कळवणारं पत्र मी आज उजाडल्याबरोबर टपालाच्या पेटीत टाकून आले आणि मग हे लिहायला बसले. आधी हे लिहिलं असतं तर ते टाकलं नसतं. आईला अजून सांगितलेलं नाही. वर तिच्या चालण्याचा आवाज येतोय. हे पत्र बंद केलं की वर जाणार आहे.

सोबत माझा पत्ता घातलेलं पाकीट आहे. नवी तुळई कशी करायची ते विचारण्यासाठी नाही, ते सांगणारे इथे आहेत. तुला काही लिहावंसं वाटलं नाही तर ते रिकामंच पाठव. निदान एवढं कळेल की हे तुझ्यापर्यंत पोचलं.

तुझ्याकडे तोंड करून,
तुझी बहीण